विहीणबाईंचा रेकॉर्ड

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७
काल ऑपरेशन झालं. उजवा खुबा नवा. आजपासून डायरी. कोणाला दाखवायची नाही.

विहीणबाई, म्हणजे सून प्रियाची आई जयमालाबाई, गेल्या वर्षी याच हॉस्पिटलात, याच डॉक्टरांकडून खुबा बदलून गेल्या. पाचव्या दिवशी डिस्चार्ज. मी चौथ्या दिवशी जाणार. नेरूळला, माझ्या घरी, एकटी. खाली दुकानं, वर मी, मधे सोळा पायऱ्या. स्पर्धा वगैरे काही नाही. मी तसली बाई नाही.

दुपारी १२
डॉक्टरांना विचारलं, माझा सांधा कुठल्या कंपनीचा. म्हणाले, विहीणबाईंना बसवला तोच. पण सांगताना हसले. म्हणजे माझा थोडा भारी असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार
फुफ्फुसाच्या व्यायामाला तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय. सकाळपासून फुंकतेय, एक गोळी हलत नाही. यंत्र बिघडलेलं. फिजिओथेरपीवाली वैष्णवी म्हणाली, आजी, फुंकायचं नाही, ओढायचं. हे आधी सांगायला नको? ओढल्यावर एक वर गेली, दुसरी जवळजवळ. जयमाला आजींच्या तिन्ही जायच्या, म्हणाली. विचारलं होतं कोणी?

मग वॉकर. दारापर्यंत जायचं ठरवलेलं. खुर्चीपर्यंत गेले. खुर्ची दाराच्याच दिशेला आहे.

संध्याकाळी ७
मुलगा रूपेश आणि प्रिया ऑफिसात, त्यामुळे दिवसभर माझ्याजवळ विहीणबाई. त्या आल्या तशा सगळ्या सिस्टर गोळा झाल्या. कशा आहात, पाय कसा आहे. पेशंट मी आहे. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळा. जवळ्यात मीठ कमी. तीन भाकऱ्या खाल्ल्या, टाकणं बरं दिसत नाही म्हणून.

रूपेश आला. आधी त्यांना विचारलं, मम्मी, जेवलात का. मग मला विचारलं, आई, पोट साफ झालं का. पोटचा पोरगा. मला राग नाही आला. रडू आलं, पण ते औषधांमुळे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ठराव: आज कोणाची मदत घ्यायची नाही.

विहीणबाई चहाला खाली गेल्या तेव्हा पायातला घट्ट पांढरा मोजा स्वतः चढवायला घेतला. वाकायला मनाई आहे. मी वाकले नाही, फक्त पुढे झुकले. मोजा अंगठ्याला अडकला. मागेही येववेना, पुढेही जाववेना. बेल उशीखाली. पंधरावीस मिनिटं तशीच.

विहीणबाई आल्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मला आधी धरून मागे टेकवलं. त्यांनाही नीट वाकता येत नाही, म्हणून स्टूल ओढून बसल्या, माझा पाय अलगद मांडीवर घेतला आणि मोजा चढवला. लग्नात वरमाईचे पाय धुतात. सहा वर्षांपूर्वी मीच म्हटलं होतं, आपल्याला नको ते जुनं. त्या लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच म्हणायची गरज नव्हती, हे मी सहा वर्षं मनात म्हणतेय. आज मात्र मला तिकडे बघवेना. टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चौथा दिवस. आज जिन्याची परीक्षा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पाठ आहे. विहीणबाई किती चढल्या होत्या ते वैष्णवीकडून काढून घेतलं. बारा. मी सोळा चढणार, घरच्या जिन्याइतक्या.

दुपारी १
चार. पाचव्या पायरीला पाय उचलेना. डोळ्यांपुढे अंधारी. सोळातल्या चार म्हणजे पंचवीस टक्के. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, पहिल्या चाचणीला एवढे मार्क पुष्कळांना असायचे.

डॉक्टर म्हणतात, डिस्चार्ज सोमवारी, आणि जिना इतक्यात नाहीच. रूपेश म्हणतो, खारघरला ये, लिफ्ट आहे. म्हणजे विहीणबाईंच्या राज्यात. दीड वर्ष माझ्या मुलाच्या घरात ऐटीत राहतायत. मला कधी कोणी राहा म्हटलं नाही. म्हटलं होतं, मी नको म्हणाले. पण एकदाच म्हटलं होतं.

फक्त पंधरा दिवस जाईन. बॅग उघडणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार. खारघर. संध्याकाळी
सातव्या दिवशी सुटले. विहीणबाईंच्याच खोलीत माझी खाट टाकलीय. उंच कमोड त्यांचा, वॉकरही त्यांचाच.

आल्या आल्या मी स्पष्ट सांगून टाकलं की पंधरा दिवस तुम्हाला त्रास, मग मी माझ्या घरी. त्या माझी बॅग उघडत होत्या. उघडू नका म्हणेपर्यंत साड्या बाहेर. वर न बघता म्हणाल्या, “मीपन पंदरा दिसांसाठीच आलेली, विहीनबाई. गावाला, मोऱ्याच्या माज्या घरान खाली बसाचा संडास हाय. मना आता बसता येत नाय. पोरांना बोलली, तो बदला, मी जातंय. आज करू, उद्या करू. सतरा मयने झाले.”

घराची चावी अजून पर्समध्ये ठेवतात. मी न विचारता दाखवली.

इतके दिवस मी यांच्यावर जळत होते. म्हणजे जळत नव्हते, पण असते तर वाईट वाटलं असतं. नेरूळची चावी कुठे आहे ते रूपेशला विचारायला हवं. उद्या विचारेन.

कपाटात दोन कप्पे. मला वाकायला मनाई, म्हणून वरचा रिकामा करून मला दिला आणि स्वतः स्टुलावर बसून खालच्यात आपले कपडे लावत राहिल्या. खालचा जास्त खोल असावा असं वाटतं, पण वाकून बघता येत नाही.