खारबांधावरचं निळं फूल

२५ ऑक्टोबर १९५२
बाळकुमला सुखरूप पोचलो. शाळेतून पंधरा दिवसांची रजा, बरोबर टीपकागद आणि भिंग. मिठागरावरच्या गुणाजीनं ओटीलगतची खोली दिली. त्याची आई तुळसाबाई म्हणाली, मास्तर फूल बघायला इथवर आले, म्हणजे नौपाड्यातली फुलं संपली वाटतं. फूल मात्र मिठागराच्या खारबांधावर लगेच भेटलं. वीतभर उंची, केसाळ देठ, पानं समोरासमोर, पाच निळ्या पाकळ्या. एकवर्षायू. एवढ्याशा देहाला एवढा तोरा एखाद्या वैयाकरणालाच शोभावा.

२८ ऑक्टोबर
वैताग. अकरा रोपं उपटली, अकरांचीही मुळं मध्येच तुटली. पुण्याच्या वनस्पती-मासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं, की अखंड मुळाशिवाय या फुलाची नोंद छापणार नाही. स्वतः येऊन उपटावं त्यांनी.
बांधावरून आलं की दारातल्या दगडी डोणीत, खाऱ्या पाण्यात पाय बुडवायची इथली रीत. माझ्या टाचांना भेगा, फार झोंबतं. मी विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुतो. तुळसाबाईच्या मते मास्तरांच्या विद्येत मीठ कमी पडलंय.

३१ ऑक्टोबर
प्रसाराचा नकाशा रोज खोडावा लागतो. परवा जिथं एकही रोप नव्हतं, तिथं आज रांग. मी चाललो तिथंच, पावलागणिक. पायरीवर तीन, खाटेखाली एक.
गुणाजीनं विचारलं, पाय कशानं धुता. सांगितलं. तो हसला नाही. त्याचा मामा दगडू असंच गोड्या पाण्यानं धुवायचा, म्हणाला. मामा मरून पडला ती जागा त्यानं दाखवली. बांधावर सगळ्यात दाट फुलं तिथंच.

३ नोव्हेंबर
टाचेच्या भेगेत दोन पानं. समोरासमोर.
तासभर डोणीत उभा राहिलो. तुळसाबाई म्हणाली, खार बियाणं मारतो, रुजलेलं नाही मारत. आज तिनं टोमणा मारला नाही. मला बाबा म्हणाली.

५ नोव्हेंबर
उपटलं. तुटलं. पोटरीत काहीतरी वर सरकलं —
बी धरलं की रोप वाळतं. वाट पाहायची, एवढंच. पण दगडूही वाट पाहतच —

६ नोव्हेंबर, दुपार
टाचेवर फूल उमललं. गुडघ्याशी कळ्या. गुणाजी बैलगाडी आणायला गेलाय, ठाण्याच्या डॉक्टरांकडे न्यायला. तोवर बी धरलं तर —
पुन्हा ओढतोय. अगदी हळू. या वेळी तुटलं नाही. येतंय. बोटभर — वीतभर — हातभर — अखंड — आणि छातीत आतून कुणीतरी उलटं ओढतंय —