झोपवणारीनंच उठवायचं

सोमवार, ४ जानेवारी १९८२

आले एकदाची वर्ध्याला. रोहण्याहून छोट्या गाडीनं पुलगाव आणि तिथून मोठ्या गाडीनं इथं. सोबत ट्रंक, वळकटी आणि सासूबाईंनी कोंबून दिलेला सांडग्यांचा डबा. हे पोचवायला आले होते. गावात ह्यांना सगळे श्रीधर मास्तर म्हणतात, आणि मला रिक्षात बसवतानाही ह्यांनी चौथीतल्या पोरीला कराव्यात तशा सूचना केल्या. नलू स्टेशनवर आलीच नाही. पाच वर्षांची आहे, पण फुगून बसण्यात आजीच्या वरताण.

कोर्स सहा महिन्यांचा. वॉर्डात वर्षं काढलेल्या आम्हा नर्सेसना अपघात विभागासाठी तयार करायचं. पास झाले की आर्वीच्या दवाखान्यात बदली आणि रोज संध्याकाळी घरी! आजवर नोकरी हिंगणघाटला आणि पोर रोहण्याला. महिन्यातून एकदा गेले की ती आधी मला पाहुण्याकडे बघावं तसं बघायची. ते आता संपणार. मला दुसरं काही नको.

वसतिगृह पिपरी मेघेच्या बाजूला, मोकळं आणि उजेडाचं. खोलीत सोबत आंजी गावची जयवंता. पोहोचल्यापासून बोलतेच आहे. ही झोपेतही बोलत असेल तर माझं कठीण आहे.

बुधवार, ६ जानेवारी

आमच्या ट्यूटर शकुंतलाबाई. निवृत्तीला आलेल्या, कडक इस्त्रीच्या, पण हात लोण्यासारखा. त्यांची शिकवायची तऱ्हा निराळी. रोज आमच्यातली एक पेशंट होते. बाई तिला टेबलावर झोपवतात, डोळ्यांवर तळवा ठेवतात आणि म्हणतात, आता तू पेशंट. मग तिनं हलायचं नाही, बोलायचं नाही. बाकीच्यांनी नाडी बघायची, पट्ट्या बांधायच्या, स्ट्रेचरवर घ्यायचं. शेवटी बाई तळपायावर दोन थापट्या मारून म्हणतात, ऊठ, घरी जा. तेव्हाच उठायचं. आपला राकट हात खालून कसा लागतो ते नर्सला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं.

आज जयवंता पेशंट होती. गुदगुल्या होऊन खिदळली आणि आपली आपणच उठायला लागली. बाईंनी तिला खांद्याला धरून परत आडवी केली. चेहरा पांढरा पडला होता त्यांचा. झोपवणारीनंच उठवायचं, म्हणाल्या. मागं एका बॅचमधली एक जण आपल्या मनानं उठली होती. तिचं पुढं काय झालं, ते मात्र सांगितलं नाही. जेवताना जयवंता म्हणाली, "बुढी सटकली वो ताई!" आम्ही पोट धरून हसलो.

सोमवार, ११ जानेवारी

आज माझी पाळी होती. डोळे मिटून पडण्यात सुख आहे हे कबूल करते. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझी काळजी घेत होतं, खोटी का होईना.

तेवढ्यात घंटा झाली. देवळीच्या रस्त्यावर कापसाचा ट्रक उलटला होता आणि वर बसलेले मजूर खाली सापडले होते. सगळ्या पळाल्या, बाईही. मी पडून राहिले. भिंतीपलीकडे माणसं ओरडत होती. एक बाई तिच्या नवऱ्याला हाका मारत होती. नर्सनं अशा वेळी डोळे मिटून पडायचं म्हणजे किती वेळ पडायचं? उठले आणि गेले.

दिवसभर पाठ टेकली नाही. एका स्ट्रेचरपलीकडून बाईंनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातली पट्टी खाली पडली. डोक्याला मार लागलेल्याला घेऊन त्यांना नागपूरला निघायचं होतं, ड्रायव्हर घाई करत होता. जाता जाता एवढंच म्हणाल्या, परत आल्याबरोबर तुला पुन्हा झोपवते आणि उठवते, तोवर सांभाळ. म्हातारीचं वेड.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. जयवंतानं तिळगूळ दिला. चवच लागली नाही, माती खाल्ल्यागत वाटलं. सर्दी असेल.

बोटांची टोकं बधिर झाली आहेत. आज तीन पेशंटांच्या नाड्या सापडेनात. तिघंही माझ्याशी बोलत होते, म्हणजे नाडी होतीच. थंडी फार आहे यंदा.

सोमवार, १८ जानेवारी

सरावाला जयवंतानं माझा हात धरला. मनगटावर चाचपडली, मग दुसऱ्या मनगटावर, मग गळ्याशी. म्हणाली, "तुमी तं मेल्या वो ताई," आणि हसली. मग ब्लडप्रेशरचं यंत्र लावलं, कानात नळ्या घालून बराच वेळ ऐकत राहिली. हसणं थांबलं. यंत्र बिघडलं असं म्हणाली आणि तेच यंत्र शेजारणीला लावलं. तिला चाललं.

रात्रभर मीच माझं मनगट धरून होते. भ्यायला हवं होतं. भीती येत नाही. भुलीचं इंजेक्शन दिलेल्या जागेसारखं सगळं जड आहे.

शुक्रवार, २२ जानेवारी

बाईंची वाट बघून बघून आज निरोप आला. नागपुरातच त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

रविवार, २४ जानेवारी

नागपूरला जाऊन आले. बाई त्यांच्या भाचीकडे आहेत. दारात मी नाव सांगितलं, भाचीनं लक्ष दिलं नाही. मी आत गेले, तिनं अडवलं नाही.

बाईंनी मात्र मला ओळखलं. मी त्यांच्या खाटेशी जमिनीवर पडले. त्यांनी डावा हात खाली लोंबवून माझे डोळे झाकले. ओठ हलवले. मी पाय वर केला तेव्हा तळव्यावर थापटलं, पुन्हा ओठ हलवले. आवाज काही फुटेना. घशातून नुसती हवा. त्या रडत होत्या.

मी तशीच पडून राहिले. भाची चहा घेऊन आली आणि मला ओलांडून गेली. जमीन रिकामी असावी तशी.

शुक्रवार, २९ जानेवारी

जयवंताला झोपवायला, उठवायला लावलं होतं मंगळवारी. ऊठ म्हणाली, उठले. काही बदललं नाही. आता तिलाही माझं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या खाटेवर तिनं तिचे कपडे ठेवले आहेत.

मेसमध्ये माझं ताट मांडत नाहीत. भूकही नाही.

बुधवार, ३ फेब्रुवारी

अपघात विभागात दिवसभर उभी होते — माणसं आली, गेली — एका म्हाताऱ्याचा जीव जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. त्याला मी दिसत होते.

घरी जावंसं वाटतं. पण नलूनं बघितलं नाही तर —

रविवार, ७ फेब्रुवारी

हे आलेत! नलूला घेऊन. जयवंतानं खोलीचं दार उघडून दिलं आणि ताई ड्युटीवर असतील, बसा, म्हणाली. मी समोर उभी. ह्यांनी माझ्यातून पलीकडच्या खिडकीकडे बघितलं.

आणि नलू धावत आली. माझ्या मांडीवर चढली. "आई इथंच तं हाय, बाबा!" हे हसले, डोक्यावरून हात फिरवला तिच्या, आणि पुस्तकाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून गेले.

तिचा हात गरम आहे. मला कळतो आहे, गरम आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले. ह्या पोरीला धरून राहिलं की सगळं परत येईल, येईलच —

तिनं विचारलं, तू इथं काय करते? शिकते, म्हटलं. मग मले शिकव. आपणच खाटेवर आडवी झाली, डोळे घट्ट मिटले. मला इतका आनंद झाला होता की — हात आपोआप गेला. डोळ्यांवर. तोंडातून आपोआप आलं. आता तू पेशंट.

लगेच म्हटलं, ऊठ, घरी जा. तळव्यावर थापटलं. ऊठ नलू.

ती हसते आहे, मिटल्या डोळ्यांनी. वाट बघते आहे. मी ओरडते आहे. तिला ऐकू येत नाही —

पुन्हा थापटलं. तिनं पाय आखडला नाही. तिला लागत नाही. तिचा हात आता गरम नाही, की माझाच —

लिहिलेलं तरी दिसेल. अहो, हे वाचा. तिला उठवू नका. मी झोपवलंय, मीच उठवणार, काहीतरी करते, बाईंना — तिला तशीच पडू द्या, हलवू नका, हाक मारू नका —

व्हरांड्यात चपला वाजल्या. आले.

वही त्यांच्यासमोर धरली आहे. बघत नाहीत.

"नलू, ऊठ बेटा. गाडी चुकन. तुही आई काई येत नाई आज."

नको. नको हो. श्रीधर. श्रीधर —

उठली. डोळे चोळते आहे. खोलीभर बघते आहे. माझ्यावरून तिची नजर गेली, थांबली नाही. आई कुठं गेली, विचारते आहे.

श्रीधर, तिचा हात धरलाच आहेस तर बोट जरा वर घे. मनगटावर. अंगठ्याच्या बाजूला. दाबून बघ, आणखी थोडं, तिथंच असते, नीट दाबून —