करवंटीएवढी जागा

रत्नागिरी, मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

वर्गात तास घेत असतानाच आठवलं, आज सासूबाई दारापुढचं खळं सारवणार. खळ्याच्या कडेला माझ्या गांधीलमाशीचं, तिनं एकटीनं जमिनीत खणलेलं बीळ. तीन आठवडे बघतेय तिला. वर शेण बसलं की संपलंच. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं?

रिक्षा करून घरी आले. खळं लख्ख सारवलेलं, कडेला करवंटीएवढा कोरडा गोल आणि त्यात बीळ! सासूबाई शेजारी कोंबड्या हाकत बसलेल्या. म्हणाल्या, "करवंटी उपडी घातली नि भोवतीनं सारवलं. रोज चहा गार करून बघत बसतेस ना तिथे? मघाशी आली हो ती. आपल्यापेक्षा मोठा नाकतोडा मिशीला धरून ओढत नेलान आत. मेलेला नव्हता हो, पोट हलत होतं."

हेच तर मी वर्गात शिकवते: ती भक्ष्य मारत नाही, डंख मारून बधिर करते, पिल्लाला ताजं मिळावं म्हणून. लग्नानंतरची नऊ वर्षं मला वाटत होतं, सासूबाईंना माझ्या कामाचं काही नाही.

हे लिहिताना ती शेणानं माखलेली करवंटी टेबलावर आणून ठेवलीय.

"दिवाळीला पाहुणे विचारतील, एवढंच का सोडलंत?" मी मघाशी त्यांना म्हटलं.

"सांगेन, तिथे आमच्या सुनेचं काम चाललंय."