सत्काराची खुर्ची

११ जानेवारी, रविवार. सकाळी ७.४०
वेळ मुद्दाम लिहिली. याच वेळी, गोल्फच्या मैदानावर, चार माणसांदेखत सेक्रेटरी देशमुख म्हणाले, "मॅडम, यंदा जोडीच्या सामन्यात तुमी कायले दगदग करता? तुमचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. बक्षिसं तुमच्याच हातानं." डॉ. बोबड्यांच्या जोडीला माझ्या जागी त्यांचीच सून. बोबडे बुटाची नाडी बांधत राहिले.

कारण ठाऊक आहे. मागच्या रविवारी फटका मारताना तोल गेला, काळ्या मातीत बसले. देशमुखांनी हात दिला, मी घेतला नाही.

हे गेल्यापासून मला 'मालती' म्हणून हाक येते ती त्या मैदानावरच. गावात इतरत्र मी आजी.

१३ जाने., मंगळ.
घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर सराव. खांदे वळतात, कंबर जागची हलत नाही. सगळे चेंडू उजवीकडे, बाभळीत. फिजिओ म्हणाला, वयोमानानुसार. वय सांगायला तो कशाला, आधारकार्ड आहे.

१५ जाने., गुरु.
धाकट्या भावाची बायको सुनंदा दारव्ह्याहून तिळगूळ घेऊन राहायला आली. तिने फोनवर माझा फटका टिपला. पाहवला नाही.
"ताई, तुमी चेंडू मारून राह्यल्या का राष्ट्रगीत म्हणून राह्यल्या?"
खरं आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर डोक्यावर ॲटलास ठेवून वर्गभर चालवायच्या. पडला की दाराबाहेर. तो ॲटलास मी अजून पाडलेला नाही, चेंडूसमोरसुद्धा. कंबरेतून झुकायचं तिथे नुसते गुडघे वाकवते. कंबर फिरणार कशी?

१८ जाने., रवि.
मैदानावर गेले नाही. कंबरेत कळ. गरम पाण्याची पिशवी. रडले. सुनंदाला ऐकू गेलं असणार. चहा आणला, म्हणाली, "जाऊ द्या ना ताई. शाल गरम तं राह्यते."
तिच्यावर ओरडले.

२० जाने., मंगळ.
नवा उपाय. भिंतीकडे पाठ, वीतभर पुढे उभं राहायचं. झुकताना कुल्ले भिंतीला. गोल्फची काठी मागे नेताना उजवा टेकलेला, फटक्यानंतर डावा. शेजारच्या गच्चीवरून दिसतं. दिसू दे.
सुनंदा: "म्हैस आंग घासते तशा दिसता." पण आता व्हिडिओ तीच काढते, न सांगता.
डावा कुल्ला टेकत नाही. सामना रविवारी.

२२ जाने., गुरु.
काल संध्याकाळी कंबर फिरली. एकदाच. चेंडूचा आवाजच वेगळा. सरळ गेला, पलीकडच्या तुरीत. त्यानंतर नाही. आज सकाळपासून एकदाही नाही. रविवारी पुन्हा मातीत बसेन, हेही होऊ शकतं. तरी बसायचं तर तिथे. खुर्चीवर नाही.

दुपारी देशमुखांचा फोन. "मॅडम, शाल कोन्त्या रंगाची आणू?"

त्यांच्या घरी जाऊन पत्र हातात दिलं. नक्कल:
'मला सामन्यात खेळण्यास मनाई असल्यास ती क्लबच्या कोणत्या नियमाने, हे सहीनिशी लिहून कळवावे. तसा नियम नसल्यास माझे नाव डॉ. बोबडे यांच्या जोडीला पूर्ववत लावावे आणि तेही लेखी कळवावे. मुदत शनिवार, २४ जानेवारी, सायंकाळी पाच. तोंडी निरोप, फोन अथवा शाल उत्तर म्हणून स्वीकारली जाणार नाही.'