नानांच्या बंदुकीतली पिन

नाना, तुमची बंदूक आता माझ्या खांद्यावर असते. जळगावात त्याच सराफी दुकानाच्या दारात, त्याच स्टुलावर. तुम्ही गेल्यावर मी सुरत, नाशिक, मध्ये काही दिवस ट्रक, असं करत फिरलो, कुठेच टिकलो नाही. शेवटी आई म्हणाली, आता पुरे, बापाच्या जागेवर उभा राहा. लायसन माझ्या नावावर झालं, आणि इतकी वर्षं धुळ्याच्या बंदुकांच्या दुकानात जमा असलेली तुमची बंदूक आणायला मी गेलो.

मला लहानपणापासून तिची भीती. तुम्ही जेवायला बसलात की ती कपाटावर, आणि मी पाणी घ्यायलाही त्या बाजूने जात नसे. एकदा मात्र तुम्ही मला शेजारी बसवून नळीवरची पुसट अक्षरं दाखवलीत. अमेरिकेतली कंपनी. आधी नुसत्या नळ्या करायचे, मग त्यांच्याकडच्या लढाईत बंदुका. लढाई संपली, आता बंदुका घेणार कोण, म्हणून शिलाई मशीन आणि टाइपरायटर. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या मशीनवर तेच नाव दाखवून तुम्ही म्हणालात, "नीट शिकलो असतो तर याच कंपनीच्या ह्या मशीनमागे बसलो असतो." तो टायपिस्ट आता झेरॉक्स काढतो. शेजारी चहाची टपरी झालीय, चहा फार गोड असतो. असो.

धुळ्यात म्हाताऱ्या मिस्त्रींनी बंदूक उघडली, घोडा ओढून पाहिला, सगळं तपासलं. "बठ्ठं चांगलं शे भाऊ. फक्त पिन नही."

पिन म्हणजे घोडा पडला की काडतुसाला ठोकणारा खिळ्याएवढा तुकडा. तो नसेल तर बंदूक म्हणजे काठी.

"कुठे गेली?"

"तुझ्या बापानेच काढायला लावली. सराफी दुकानात एक बाई पदराआडून बटवा काढत होती, यांनी बंदूक रोखली. उडवलीच असती म्हणे. दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन सकाळीच इथे हजर. दुकानमालक शेठला सांगू नका म्हणाले. बसवू का नवी?"

मी हो म्हणालो. दरोडा पडला तर? त्या काठीच्या भरवशावर तुम्ही उभे होतात!

परवा सातपुड्याकडचा एक माणूस दुकानात आला. पिशवीत हात घालून काही शोधत होता, मध्येच माझ्याकडे बघत. माझा अंगठा घोड्यावर कधी गेला मला कळलं नाही. कट्ट वाजलं, घोडा मागे चढला; आता फक्त चाप ओढायचा बाकी. त्याने दोन्ही हात वर केले. हातात चांदीचे तोडे होते. "मोडायला आणलेत, साहेब," एवढंच म्हणाला.

शेठ हसले. "पोरगं बापासारखंच सावध आहे." सगळे हसले. तो माणूसही हसला, हात खाली न घेता.

आज रजा टाकून पुन्हा धुळ्याला आलो. मिस्त्रींनी बंदूक उघडली, पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. आता स्टँडवर बसून हे लिहितोय. उद्यापासून मीही तुमच्यासारखाच उभा राहणार, आणि दरोड्याची भीती आता दुप्पट झालीय. पिन टाकून द्यायला पांझरा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. टाकवली नाही, नाना. शर्टाच्या खिशात आहे.