मिठावरच्या शर्यतींचं गाव

बाबा, काल ऑफिसातला एक पोरगा युटा राज्याच्या टोकाच्या त्या शर्यतींच्या गावाला जाऊन आला आणि मला फोटो दाखवत बसला. तुम्हाला देवाघरी जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी मी पुन्हा जळायला लागले. तुमच्यावर नाही, त्या बाईवर. फोटोंत ती कुठे दिसते का, तेही पाहिलं.

२००५ मध्ये तुम्ही अमेरिकेत आमच्याकडे हर्नडनला आलात, तेव्हा नायगारा नको म्हणालात, ते गाव दाखव म्हणालात. जन्मभर आयटीआयमध्ये इंजिन शिकवलेला माणूस, दुसरं काय मागणार! विमान, मग भाड्याची गाडी, आणि शेवटी तो एक रस्ता, राज्याच्या हद्दीपलीकडे दोन-चार कॅसिनो आणि मोटेलं. मोटेलच्या भिंतीवर डब्यासारख्या जुन्या गाड्यांचे फोटो. काउंटरवरचे म्हातारे सांगत होते, गावाबाहेर आटलेल्या सरोवराचं मीठ मैलोन् मैल सपाट, आडवं यायला झाड ना भिंत, म्हणून त्यांच्या आजोबांच्या काळापासून माणसं इथे नुसता वेग बघायला येतात. एरवी कुत्रंही फिरकत नाही.

सकाळी मिठावर पोचलो. तुम्ही वाकून चिमूटभर जिभेवर ठेवलंत आणि म्हणालात, "अगं, खरंच खारट आहे!" तुमचे जावई "यार, इथे सावलीपण नाही" म्हणत एसी लावून गाडीत बसले. शर्यतीच्या गाड्या रांगेत, पाळी येईस्तोवर तासन्‌तास. त्याच रांगेत ती बाई, साठीची, कोपरापर्यंत ग्रीस, अर्धी गाडीखाली. तिने हात बाहेर काढला आणि तुम्ही न विचारता पाना दिलात. झालं! दुपारपर्यंत तुम्ही तिथेच, आणि मी छत्री धरून उभी.

मला कधी दिला होतात पाना? नववीत मी तुमच्या स्कूटरला हात लावला तर केवढे ओरडलात. "हात काळे करू नकोस, जा, आईला मदत कर." आणि गल्लीतल्या पोरांना मात्र अंगणात बसवून शिकवायचात. प्लग कसा पुसतात ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून शिकले. मग कॉलेजात कॉम्प्युटर घेतला.

तुमचं इंग्रजी पार्टांच्या नावांपुरतं, म्हणून तुमच्या दोघांच्या मध्ये मी. तुम्ही म्हणता, "तिला सांग, इतकी वर्षं शिकवलं, पण असा हात पाहिला नाही." अंगाचा नुसता तिळपापड होतो माझा. तरी सांगते, एक शब्द न गाळता सांगते. ती फडक्याला हात पुसत माझ्याकडे बघून काहीतरी बोलते. तुम्ही अधीर होऊन विचारता, "काय म्हणाली?"

"थँक्यू म्हणाली."

तुम्ही खूश होऊन पुन्हा इंजिनात डोकं घातलंत. वर्षभरातच गेलात, त्यामुळे खरं सांगायचं तसंच राहिलं. आता हे लिहून मी डिलीट करणार आहे, पण एकदा सांगते. थँक्यू नव्हती म्हणाली ती. म्हणाली, "नशीबवान आहेस पोरी, असे वडील! तुला तर त्यांनी लहानपणीच सगळं शिकवलं असेल."

मी हो म्हटलं, बाबा.