वाण घेतल्याची सही

२३ जाने.
सकाळी नसीमभाभी दारात, हातात नोटीस. "सर, यात लिहिलंय मी इथे राहतच नाही."
तेवीस वर्षं भिंतीला भिंत लागून. भाभींचे नवरे युसुफभाई उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. त्यांच्या स्कूटरच्या किकने मला जाग येते. आणि या बाई इथे राहत नाहीत! कुणीतरी मतदारयादीतून नाव काढायचा अर्ज दिलाय. सुनावणी २९ला. समोरच्या चाळीतही अशाच नोटिसा, फक्त मुसलमान घरांना. निवडणूक तोंडावर आणि हा योगायोग? कुणाला मूर्ख बनवता?

२४ जाने.
शिवमंदिराजवळ सभा. घसा बसेपर्यंत बोललो. "शेजाऱ्याचं मत चोरणाऱ्यापेक्षा घरफोड्या बरा, तो निदान तोंड तरी झाकतो! ज्यांनी सह्या केल्यात त्यांनी पुढे यावं. हार घालतो. चपलांचा!" टाळ्या थांबेनात. शैलानेही वाजवल्या. ती सहसा वाजवत नाही.

२७ जाने.
कचेरीत अर्जाची प्रत मिळाली. नसीमभाभींविरुद्ध तक्रारदार: शैला. माझी बायको. तिचा मतदार क्रमांक, खाली तिचीच सही.
घरी आलो, कागद पुढे टाकला.
"सही माझी. पण हे मी लिहिलेलं नाही." मग आठवलं तिला. ज्योतीताईंचं हळदीकुंकू. ज्योतीताई म्हणजे धर्माच्या नावाने मतं मागणाऱ्या पक्षाच्या महिला आघाडीच्या. स्टीलचा डबा हातात देताना कागद पुढे केला, वरचा भाग दुमडलेला. "वाण मिळाल्याची सही करा वहिनी, वर दाखवावं लागतं." रांगेतल्या सगळ्या बायकांनी केल्या.
कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवून हा विषारी धंदा! आणि धर्म म्हणे आम्ही बुडवतो.
ओरडलो. "न वाचता सही? माझ्या घरात?"
"तुमच्या घरात वाचायचं काम तुमचं. मी कपाळाला कुंकू लावून घेत होते, परीक्षेला नव्हते बसले." आणि मग शांतपणे, "हार कधी घालताय?"


२८ जाने.
शैला स्वतः शेजारी गेली. परत आली ती डोळे लाल.
"तिला माहीत होतं. युसुफभाईंनी २४ला दुपारीच प्रत काढली होती."
"मग बोलले का नाहीत?"
"संध्याकाळी सरांचं भाषण होतं, ते कशाला बिघडवा, म्हणाले."

दुपारी ज्योतीताईंचा फोन, शैलाने स्पीकरवर टाकला. "वहिनी, खोटी तक्रार केली असं कबूल केलंत तर केस तुमच्यावरच होईल हं. गप्प राहा. त्या लोकांसाठी कशाला?"
त्या लोकांसाठी! मी फोन ओढायला गेलो. शैलाने हात झटकला. "ज्योती, तुझ्या मुलीच्या बारशाचं झबलं त्या लोकांनीच शिवलं होतं. विसरलीस?" फोन कट.

२९ जाने.
सुनावणी. एवढ्याशा खोलीत गर्दी. नसीमभाभींनी रेशनकार्ड, विजेची बिलं, मुलाचा शाळेचा दाखला टेबलावर मांडला. स्वतःच्याच घराचा पुरावा!
शैला म्हणाली, "सही माझी आहे, तक्रार माझी नाही."
कारकून म्हणे, "बाई, लेखी द्या. पण उलटलं तर तुमच्यावर येईल."
तिने लिहिलं. दोनदा वाचलं. सही केली.
साहेब: "निर्णय कळवू. बाकीच्या तक्रारदार कुठायत?" बाकी दहा अर्ज, दहा बायका. एकही आली नव्हती. ३१पर्यंत येऊन सांगितलं तर ठीक, नाहीतर कागदावर आहे तेच धरणार. म्हणजे दहा माणसं मतदारयादीतून गायब.

संध्याकाळ. म्हटलं, बदलापूरच्या सभेत आज एकेका बाईचं नाव घेतो.
"नाही घ्यायचं. तुम्ही बोललात की बायका दारं लावून घेतात." चपला घालून समोरच्या चाळीत गेली, सह्या केलेल्या बायकांकडे.
मी गॅलरीत. तिथून त्या चाळीचा पूर्ण मजला दिसतो. पहिलं दार, कदमांचं, उघडलंच नाही. दुसरं साखळीपुरतं उघडलं, लागलं. तिसऱ्या घरात तिला आत घेतलं.
अर्धा तास झाला. बदलापूरहून फोनवर फोन. घेत नाही.
दार अजून बंद आहे. ती आत आहे.